शेतीच्या कागदांवरील नाव आणि पत्ता

शेतीचा कागद हाती आला की शेतकऱ्याचे लक्ष प्रथम गट क्रमांकाकडे व क्षेत्राकडे जाते. त्याच कागदावरील आपले नाव मात्र तो क्वचितच बारकाईने वाचतो. वास्तविक अनुदान, पीककर्ज, पीकविमा, वारसाहक्क व भूसंपादनाचा मोबदला ही सारी ज्या एका खुंटीवर टांगलेली असतात, ती खुंटी म्हणजे नाव होय. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वार्षिक ६,००० रुपये तीन समान हप्त्यांनी थेट बँक खात्यात जमा होतात. परंतु आधारवर एक नाव, बँकेत दुसरे आणि सातबारावर तिसरे असेल, तर पडताळणी अडते व पात्र शेतकऱ्याचाही हप्ता थांबू शकतो.

एक माणूस, अनेक नावे

स्वतःचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा महाराष्ट्रातील प्रघात आहे. जुन्या दप्तरात मात्र ‘रामा वल्द गणू’ किंवा ‘सखू कोम तुका’ अशा आडनावाविना केलेल्या नोंदी आढळतात. ‘वल्द’ म्हणजे मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे पत्नी. शिवाय घरचा बाळू शाळेत बाळकृष्ण असतो आणि वयाने थोर झाला की गावाचा बाळासाहेब होतो. गावाला त्यात अडचण वाटत नाही, कारण गाव माणसाला चेहऱ्याने ओळखते. यंत्र त्याला केवळ अक्षरांनी ओळखते.

इंग्रजी अक्षरांत नाव लिहिताना हा घोटाळा आणखी वाढतो. ‘लक्ष्मण’ हे नाव एक कारकून ‘एक्स’ घालून लिहितो, तर दुसरा ‘के-एस-एच’ जोडून लिहितो. ‘विठ्ठल’मधील ‘व’साठी कोणी ‘व्ही’ वापरतो, तर कोणी ‘डब्ल्यू’. मराठीत शुद्ध असलेले नाव अशा रीतीने तीन कागदांवर तीन प्रकारचे होते.

स्त्रियांची अडचण याहून मोठी आहे. २००५ सालच्या हिंदू वारसा सुधारणा अधिनियमाने वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. परंतु सातबारावर तिची नोंद माहेरच्या नावाने आणि आधार व बँक खाते सासरच्या नावाने, असे अनेकदा घडते. अशा भगिनींनी शाळा सोडल्याचा दाखला व विवाह नोंदणीचा दाखला जपून ठेवावा. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, हे त्यावरून दाखविता येते.

१ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या नावात, स्वतःच्या नावापुढे आईचे, मग वडिलांचे नाव व शेवटी आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरविला आहे. त्यामुळे एकाच घरातील थोरल्या व धाकट्या भावंडांची नावे निरनिराळ्या धर्तीची दिसतील. ती चूक समजू नये.

दुरुस्ती कशी करावी

प्रथम जन्मदाखला अथवा शाळेचा दाखला आधारभूत धरून नावाचे एकच रूप निश्चित करावे. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून तेथे घाई करू नये. सातबारा लिहिताना किंवा संगणकावर उतरविताना झालेली लेखनातील चूक महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम १५५ अन्वये दुरुस्त होऊ शकते. तहसील कार्यालयाकडे अर्ज करताना जुना सातबारा व संबंधित फेरफाराची नक्कल जोडावी.

नाव चुकणे वेगळे आणि नाव नसणे वेगळे. ‘ए. कु. मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. पूर्वी थोरल्या भावाच्या नावापुढे ही अक्षरे लिहिली जात आणि धाकट्यांची नावे येत नसत. पुढे थोरला वारला व केवळ त्याच्या मुलांची वारस म्हणून नोंद झाली, तर चुलत्यांचा हक्क कागदावरून नाहीसा झाल्यासारखा दिसतो व भावकीत तंटा उभा राहतो. म्हणून खातेदार मृत्यू पावल्यास कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांच्या आत वर्दी द्यावी. वारसांची नोंद गाव नमुना ६-क मध्ये होते. फेरफाराची नोटीस निघाल्यावर हरकतीस १५ दिवसांची मुदत असते. ती नोटीस वाचल्याविना राहू नये.

पत्ता पुरा लिहावा

नोटीस हाती पडण्यास पत्ता पुरा हवा. महाराष्ट्रात वडगाव व पिंपळगाव ह्या नावांची गावे किती तरी आहेत. म्हणून ‘बुद्रुक’ म्हणजे मोठे व ‘खुर्द’ म्हणजे लहान, हे शब्द गाळू नयेत. मळ्यात अथवा वस्तीवर राहणाऱ्याने वस्तीचे नाव द्यावे. गावात टपाल कचेरी नसेल, तर ‘मु.’ पुढे आपले गाव व ‘पो.’ पुढे टपालाचे गाव लिहावे. त्यानंतर तालुका, जिल्हा व पिन कोड हा क्रम ठेवावा.

सहा अंकी पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची योजना संस्कृत कवी व टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. पहिला अंक विभाग दर्शवितो, पहिले तीन अंक मिळून टपाल वर्गवारीचा जिल्हा दर्शवितात, आणि शेवटचे तीन अंक वाटप करणारी टपाल कचेरी सांगतात. २०२३ मध्ये औरंगाबाद व उस्मानाबाद जिल्ह्यांची नावे छत्रपती संभाजीनगर व धाराशिव अशी झाली, तर २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. नवे नाव लिहावेच, परंतु जुन्या नावाने आलेले पत्रही बिनचूक पिन कोडमुळे योग्य कचेरीत पोचते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अर्ज भरताना नाव ऐकून लिहू नये, तर कागद पाहून लिहावे आणि अर्जदारास मोठ्याने वाचून दाखवावे. पेरणीपूर्वी घरोघरी आधार, बँक पुस्तक व सातबारा एकत्र मांडून नावे पडताळल्यास पुढील कित्येक हेलपाटे वाचतील. बी पेरण्यापूर्वी ते निवडून घेणारा शेतकरी एवढी दक्षता सहज घेऊ शकेल.