मत दिले, आता हिशेब मागा!

निवडणूक आली की आपल्या वस्तीचा रस्ता पुढाऱ्यांना बरोबर सापडतो. विहारासमोर सभा होते, हारतुरे होतात, आश्वासनांची खैरात होते. निकाल लागला की पाच वर्षे तोच रस्ता चिखलात आणि वस्ती अंधारात! मग आपण म्हणतो, "निवडून दिलेला माणूस फिरकत नाही." पण बंधू-भगिनींनो, त्याला हिशेब विचारायला आपण किती वेळा गेलो?

गावगाडा कसा चालतो हे बाबासाहेबांना पुरते ठाऊक होते. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत त्यांनी त्यावर कडक टीका केली आणि घटनेने गाव नव्हे, तर व्यक्ती हा घटक मानला, याबद्दल समाधान व्यक्त केले. 24 एप्रिल 1993 पासून 73 वी घटनादुरुस्ती अमलात आली. ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले, राखीव जागा मिळाल्या. हक्क आला, तो वापरायचा कोणी?

आम्ही कारकुनी करणारी माणसे. जमाखर्चाची वही उघडल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. म्हणून एकच आकडा पाठ करा: 15 टक्के. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून एवढी रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करायची असते. 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी. समजा, वर्षाचे उत्पन्न 4 लाख रुपये आहे. मग 60 हजार आपल्या वाट्याचे आणि 40 हजार माताभगिनी व मुलांचे. ते कोठे गेले? गटारात, नळात, दिव्यात, की नुसते कागदावर?

हे विचारण्याची जागा म्हणजे ग्रामसभा. वर्षातून किमान चार सभा घ्याव्याच लागतात. सबळ कारणाशिवाय त्या न घेणाऱ्या सरपंचाचे पद जाऊ शकते. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याचीही तरतूद आहे. तेथे आपल्या आयाबहिणींनी पाण्याचा प्रश्न मांडावा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्यावा. गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला मात्र ती अट नाही. आपण घरी बसलो, तर चारदोन माणसे आपल्या नावाने ठराव करून मोकळी होतात.

उत्तर मिळाले नाही तर 2005 चा माहिती अधिकार कायदा आहे. साध्या कागदावर अर्ज लिहावा, 10 रुपये शुल्क भरावे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही माफ. 30 दिवसांत माहिती द्यावी लागते. शहरातल्या बांधवांनी हाच अर्ज नगरपालिकेत किंवा महापालिकेत द्यावा आणि आपल्या वॉर्डातल्या कामांची यादी व खर्च मागावा.

राखीव जागेवर आपला माणूस निवडून आला, म्हणून गप्प बसू नये. त्यालाही विचारावे. एकट्या सदस्याला गावातले बडे लोक दाबतात, सही करायला लावतात. त्याच्या पाठीशी पन्नास माणसे उभी राहिली, तर त्याचा आवाज निघतो. जाब विचारणे म्हणजे वैर नव्हे. त्याला बळ देण्याचीच ती एक रीत आहे.

शिकलेल्या मुलामुलींनी वस्तीसाठी एक वही घालावी. कोणी काय कबूल केले, कोणत्या तारखेला, काम झाले की नाही, एवढेच त्यात लिहावे. पुढच्या निवडणुकीला हार आणण्याआधी ती वही उमेदवारासमोर ठेवावी.

जयभीम!