लाकूड-बाष्पित्र व उष्णतासंचय
थंड हवामानाच्या प्रदेशांत लाकूड जाळून पाणी तापविणे, ते पाणी निरोधित टाकीत साठविणे व तेथून गरजेनुसार घरातील खोल्यांत खेळविणे, या तापनपद्धतीत लाकूड-बाष्पित्र व संचय टाकी ही दोन प्रमुख अंगे असतात. रूढीने बाष्पित्र म्हणत असले, तरी त्यात पाण्याची वाफ होऊ देत नाहीत. पाणी सामान्यतः ९०° से.च्या खालीच ठेवतात. महाराष्ट्रातील घरांत स्नानाचे पाणी तापविणारा तांब्याचा बंब हे याच तत्त्वाचे लहान रूप होय.

संचयाची आवश्यकता : कोरड्या लाकडाच्या वजनाचा सु. चार-पंचमांश भाग तापल्यावर वायुरूपाने बाहेर पडतो. हे वायू पूर्ण जळण्यास उच्च तापमान व पुरेशी हवा लागते. म्हणून लाकूड जोमाने जळणेच इष्ट असते. घराला मात्र उष्णता थोडी थोडी व दिवसरात्र हवी असते. संचय टाकी नसल्यास हवा कोंडून आग मंद ठेवावी लागते. अशा धुमसत्या ज्वलनात कार्बन मोनॉक्साइड, काजळी व डांबरी द्रव्ये तयार होतात. त्यांमुळे इंधन वाया जाते, वस्तीतील हवा दूषित होते आणि धुराड्यात साचलेल्या डांबरी थराने पेट घेतल्यास घरालाही आग लागू शकते. टाकीमुळे ज्वलनाचा वेग आणि घराची गरज यांची फारकत करता येते.

रचना व कार्य : आधुनिक बाष्पित्रात वरच्या कक्षात लाकडातून वायू निघतात व पंख्याच्या साहाय्याने ते खालच्या उष्णतारोधक मृत्तिकेच्या कक्षात ओढून जाळले जातात. नंतर हे तप्त वायू नलिकांतून जाताना पाण्यास उष्णता देतात. बाष्पित्रात परतणारे पाणी सु. ६०° से.पेक्षा थंड असल्यास धुरातील बाष्पाचे संघनन होऊन पोलाद गंजते. म्हणून मिश्रण झडपेने त्यात गरम पाणी मिसळतात. टाकीत गरम पाणी हलके असल्याने वर राहते व थंड पाणी तळाशी राहते. हे स्तर ढवळले जाऊ नयेत म्हणून पाणी सावकाश आत सोडतात.

एक किग्रॅ. कोरड्या लाकडापासून सु. ४ किवॅ. तास उष्णता मिळते. १,५०० लि. पाण्याचे तापमान ४०° से.ने वाढविल्यास सु. ७० किवॅ. तास उष्णता साठते. ८५% कार्यक्षमतेच्या बाष्पित्रात त्यासाठी सु. २० किग्रॅ. लाकूड लागते. घराला सरासरी ५ किवॅ. उष्णता लागत असेल, तर हा साठा १४ तास पुरतो. त्यामुळे कडक थंडीत दिवसातून एकदोनदा व सौम्य ऋतूत त्याहून कमी वेळा आग पेटवावी लागते. उन्हाळ्यात याच टाकीस सौर तापकही जोडता येतो.

दक्षता : ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्यापर्यंत पाणी असते. ते पाणी उडविण्यात उष्णता खर्च होते व अग्निकक्ष थंड राहतो. म्हणून लाकूड फोडून, वरून झाकून व बाजूंनी वारा लागेल असे रचून एक ते दोन वर्षे सुकवितात. त्यातील जलांश २०%हून कमी असावा. वीज खंडित होऊन पंप थांबला, तरी आग लगेच विझत नाही. त्यामुळे पाणी उकळून दाब वाढतो. यासाठी सुरक्षा झडप, प्रसरण टाकी आणि तापमान वाढताच आपोआप थंड पाणी सोडणारे शीतन वेटोळे आवश्यक असते. भरलेल्या टाकीचे वजन दीड टनाहून अधिक होत असल्याने जमीनही भक्कम लागते.

प्रसार : १९७३ मधील खनिज तेलाच्या दरवाढीनंतर स्वीडनमध्ये अनेक घरे तेलाकडून पुन्हा लाकडाकडे वळली व पुढे संचय टाक्यांचा वापर तेथे रूढ झाला. जर्मनीत २०१० च्या नियमावलीने हाताने लाकूड भरावयाच्या नव्या बाष्पित्रांसाठी, क्षमतेच्या दर किवॅ.मागे किमान ५५ लि. संचय ठरवून दिला. टाकीचा प्रारंभिक खर्च व तिला लागणारी जागा या अडचणी असल्या, तरी टाकीवाचून लाकडाचे तापन स्वच्छ व काटकसरीचे होणे कठीण असते.