सखालिनच्या खानेसुमारीच्या फर्दा

मूळ कागद उपलब्ध असतां केवळ छापील ग्रंथावर विसंबूं नये, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. हा नियम एका विख्यात कथालेखकाच्या कागदांसही कसा लागू पडतो, तें येथें दाखवीत आहों.

सन १८९० च्या एप्रिलांत आंतोन चेखॉव्ह हा रशियन लेखक मॉस्कोहून सखालिन बेटाकडे निघाला. सैबेरियाचा लोहमार्ग तेव्हां नव्हता. त्याचें काम १८९१ सालीं सुरू झालें. घोड्यांच्या गाडींतून चिखल तुडवीत, पूर आलेल्या नद्या ओलांडीत, पुढें अमूर नदींतून आगबोटीनें व शेवटीं समुद्रमार्गें तो जुलैंत बेटावर पोंचला. हें स्थळ इतकें आडबाजूचें कीं, तें बेट कीं द्वीपकल्प हा घोळ दीर्घकाळ चालला होता. मामिया रिंझो हा जपानी प्रवासी १८०९ सालीं मधली सामुद्रधुनी ओलांडून गेला. तरी यूरोपीय नकाशांतील चूक राहिली, ती नेवेल्स्कोय यानें १८४९ सालीं दूर केली. नकाशांची साक्ष किती मानावी याचा हा दाखला, असो.

बेटावर सक्तमजुरीचे कैदी व शिक्षा भोगून तेथेंच वसविलेले लोक राहत. चेखॉव्हनें तेथील पोलीस कचेरीच्या छापखान्यांत फर्दा छापून घेतल्या व घरोघर हिंडून स्वतः भरल्या. गांव, घराचा क्रमांक, दर्जा, नांव, वय, धर्म, जन्मस्थान, बेटावर आल्याचें साल, धंदा, साक्षरता, विवाह, सरकारी मदत, अशीं त्यांत कलमें होतीं. स्त्रीच्या फर्देवर तो तांबड्या पेन्सिलीनें उभी रेघ ओढी. तीन महिन्यांत सुमारें दहा हजार फर्दा झाल्या.

आंकडे अचूक नाहींत हें त्यानेंच कबूल केलें आहे. राजकीय कैद्यांशीं संबंध ठेवण्याची त्यास मनाई होती. पुष्कळांस आपलें वयही नीट सांगतां येत नसे. म्हणून या फर्दा टाकाऊ ठरवाव्या काय? आमचें मत उलट आहे. नांवाचें कलमच पाहावें. तेथें ‘आठवत नसलेला’ अशा अर्थाचें आडनांव मिरविणारे मुस्तफा व फ्रान्झ भेटतात. एकाचें नांव तर ‘इव्हान पस्तीस वर्षांचा’ असेंच आहे! पळून पकडले गेलेले लोक जुनी शिक्षा टाळण्यासाठीं खरें नांव लपवीत, आणि कचेरी तें न आठवणेंच नांव म्हणून दप्तरीं चढवी. आंकड्यांच्या दृष्टीनें हा दोष. इतिहासाच्या दृष्टीनें त्या राज्यव्यवस्थेचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

ग्रंथ प्रथम मासिकांतून व १८९५ सालीं पुस्तकरूपानें निघाला. त्यांत अशीं नांवें एका ओळींत गोळा झालीं आहेत. तो मनुष्य कोणत्या गांवीं, कोणत्या घरीं, कोणाशेजारीं राहत होता, तें तेथें कळत नाहीं. तें फर्देवर आहे. सात हजारांहून अधिक फर्दा मॉस्को येथें जतन झाल्या असून २००५ सालीं त्या छापल्याही गेल्या आहेत.