शहाळ्याचं पाणी आणि सीतेची वेणी

आमच्या गावच्या फाट्यावर एक जुना रायवळ आंबा होता. त्याच्या बेचक्यात सीतेची वेणी वाढलेली. पहिला पाऊस पडला की तिचे गुलाबी-पांढरे घोस लोंबायचे आणि एस. टी.ची वाट पाहणारी माणसं माना वर करून बघत राहायची. रस्ता रुंद करायचं ठरलं आणि दिवाळीनंतर आंबा पडला. मी पोचेपर्यंत वेणी फांदीखाली चिरडली होती. एक हिरवी शेंग तेवढी शाबूत. ती रुमालात गुंडाळून घरी आणली.

आता तुम्ही म्हणाल, बी मिळालं, मग पेरायला किती वेळ? पण ऑर्किडचं बी धुळीसारखं. तांदळाच्या दाण्यात कोंबासाठी शिदोरी बांधलेली असते, तशी ह्याच्यात नसतेच. रानात एक बुरशी बियांत शिरते, तिच्याकडून अन्न मिळतं, तेव्हा कुठे ते रुजतं. फ्रान्सच्या नोएल बर्नार्ड यांनी १८९९ मध्ये हे ओळखलं. पुढे १९२२ मध्ये अमेरिकेत लुईस नडसन यांनी साखर आणि क्षार घातलेल्या आगरवर, म्हणजे आपल्या चायना ग्रासवर, बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं.

मी आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं. पण हे हातानं कधी केलं नव्हतं. सौ.चा कुकर ताब्यात घेतला (त्यावरून जे झालं ते इथे नको). शेंग स्पिरिटमध्ये बुडवून ज्योतीवर फिरवली, चिरली आणि बारा बाटल्यांत बी पसरलं. आठवड्याभरात नऊ बाटल्यांत काळी-हिरवी बुरशी! चूक माझीच, खिडकी उघडी राहिली होती.

उरलेल्या तीन बाटल्यांत महिन्या-दोन महिन्यांनी मोहरीएवढे हिरवे गोळे दिसले. मग ते तिथेच थबकले. तेव्हा आठवलं नारळाचं पाणी. १९४१ मध्ये व्हॅन ओव्हरबीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धोतऱ्याचे अगदी कोवळे गर्भ त्यावर वाढवले होते. नारळाचं पाणी म्हणजे तरी काय, नारळाच्या कोंबाची शिदोरीच. त्यात साखर, अमिनो आम्लं आणि पेशींना विभागायला लावणारी झिएटिनसारखी द्रव्यं असतात. ज्या बाळाला शिदोरी नाही, त्याला दुसऱ्याची द्यायची! लिटरला दीडशे मिलिलिटर पाणी घातलं आणि गोळे फुटून वाढू लागले.

पानं आल्यावर केळं. लिटरला साधारण पन्नास ते शंभर ग्रॅम गर, शिवाय चिमूटभर कोळशाची पूड. रोपांतून झिरपणारी तपकिरी द्रव्यं ती शोषून घेते. मिश्रणाचा सामू ५.६ ते ५.८ च्या दरम्यान आणायचा आणि पंधरा-वीस मिनिटं कुकरला लावायचं. मुळं केळ्याच्या बाटल्यांत जास्त जाड आली, हे मी स्वतः पाहिलं. शास्त्रज्ञांची कुरकुर अशी की, दोन शहाळ्यांचं पाणी कधी सारखं नसतं, त्यामुळे प्रयोग तंतोतंत पुन्हा करता येत नाही. कुरकुर खरी आहे. पण माझ्या परसात माड आहेत आणि बाटलीबंद संप्रेरकांचे भाव मला पेन्शनीत झेपत नाहीत.

खरी परीक्षा बाटलीबाहेर. मुळांचं आगर धुऊन रोपं नारळाच्या सोडणावर आणि विटांच्या तुकड्यांवर बसवली. पहिल्याच उन्हाळ्यात निम्मी गेली. अकरा उरली आहेत. फूल अजून नाही. चार रोपं ह्या पावसाळ्यात शाळेजवळच्या आंब्यावर काथ्यानं बांधली. शिडी धरायला सौ. आली होती.