जास्त वॉटचा चार्जर फोन जाळत नाही

जीटीबी नगर स्टेशनातून शीव कोळीवाड्याकडे निघालं की मोबाइलच्या दुकानांची वानवा नाही. काउंटरच्या वर केबलींच्या माळा, खाली काचेत अडॅप्टर आणि त्यांच्यावर ठळक आकडे: १८ वॉट, ३३ वॉट, ६५ वॉट. अशाच एका काउंटरवर परवा हा संवाद ऐकला.

"काकू, मुलाच्या लॅपटॉपचा चार्जर फोनला अजिबात लावू नका. पासष्ट वॉटचा आहे तो. एवढा करंट गेला तर बॅटरी फुगलीच समजा."

"अगं बाई! मग माझ्या फोनपुरता छोटा दे बाबा."

काकूंनी पैसे मोजले आणि घरी चांगला अडॅप्टर असताना दुसरा घेऊन गेल्या. दुकानदार लबाड नव्हता, त्याचा स्वतःचाही तोच समज होता. हीच भीती मी लोकलमध्ये ऐकतो, सोसायटीच्या ग्रुपवर वाचतो. युरोपने फोन, टॅबलेट अशा उपकरणांना टाइप-सी हा एकच चार्जिंग पोर्ट सक्तीचा केला तेव्हापासून तर ती जास्तच बोलून दाखवली जाते. "सगळ्यांना एकच चार्जर म्हणे! लॅपटॉपचा फोनला, फोनचा इअरफोनला. मग स्फोट नाही होणार तर काय?" शिकलेली माणसं, काही वेळा इंजिनिअरसुद्धा हे बोलतात, तेव्हा खरोखर चीड येते.

तर आधी हे समजून घेऊ. अडॅप्टरवरचा ६५ हा आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो याची मर्यादा. तो तेवढं फोनमध्ये कोंबत नाही. व्होल्टेज जुळत असेल तर किती करंट घ्यायचा हे घेणारं उपकरण ठरवतं. ज्या २३० व्होल्टच्या लाइनवर दोन हजार वॉटचा गीझर चालतो, त्याच लाइनवर देवघरातला झिरोचा दिवाही जळतो. गीझरला पुरेल एवढी वीज तारेत आहे म्हणून दिवा फुटत नाही. ६५ वॉटच्या अडॅप्टरला १८ वॉट घेणारा फोन लावला, तर तो १८ वॉटच घेईल.

यावर लगेच प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे: फोनला पाच व्होल्ट लागतात, लॅपटॉपला वीस. वीस व्होल्ट फोनमध्ये शिरले तर? खरे शिरले तर फोन खराब होऊ शकतो. म्हणूनच टाइप-सीमध्ये ते थेट शिरत नाहीत. या पोर्टला २४ पिना आहेत आणि त्यातल्या दोन जागा समोर कोण आहे हे ओळखण्यासाठी राखलेल्या आहेत. केबलची दोन्ही टोकं टाइप-सी असतील, तर समोर उपकरण आहे याची खूण पटेपर्यंत नियमाने बनवलेला अडॅप्टर वीजच सोडत नाही. खूण पटली की आधी फक्त पाच व्होल्ट. मग तो आपली यादी सांगतो: पाच व्होल्ट, नऊ, पंधरा, वीस आणि प्रत्येकाला किती अँपिअर. फोनमधली चिप त्यातलं एक मागते, समजा नऊ व्होल्ट, दोन अँपिअर. अडॅप्टर होकार देतो, व्होल्टेज बदलतो, तयार असल्याचं कळवतो आणि त्यानंतर फोन करंट वाढवतो. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर हे सगळं होऊन गेलेलं असतं. फोनने काहीच मागितलं नाही, तर पाचावरच काम चालतं. या पद्धतीला यूएसबी पॉवर डिलिव्हरी म्हणतात, आणि अडॅप्टरवर ‘पीडी’ लिहिलेलं असतं ते हेच.

बॅटरीत किती करंट जाऊ द्यायचा हे त्याच्याही पुढे, फोनच्या आतलं चार्जिंग सर्किट ठरवतं. सुरुवातीला जास्त, बॅटरी भरत आली की कमी कमी. म्हणून शेवटचे वीस टक्के रेंगाळतात. भिंतीवरचा अडॅप्टर पासष्टचा असो की शंभरचा, ते सर्किट आपला हिशेब सोडत नाही.

मग ही भीती आली कुठून? ती निव्वळ अडाणीपणातून आलेली नाही. राउटर, सेट-टॉप बॉक्स, जुने लॅपटॉप यांच्या गोल पिना आठवा. पाच, नऊ, बारा व्होल्टच्या कित्येक अडॅप्टरांची पिन अगदी सारखी दिसते आणि सहज बसते. त्या पिनेत कसलीही ओळखपाळख नाही, जे व्होल्ट आहेत ते थेट आत. पाच व्होल्टच्या राउटरला बाराचा अडॅप्टर लावून राउटर गमावलेले लोक आपल्या ओळखीत निघतील. तिथे ही काळजी आजही घ्यायलाच हवी. पण गोल पिनेचा धडा टाइप-सीला लावून लोक घरातले चांगले अडॅप्टर बाजूला ठेवतात, हे थांबलं पाहिजे.

या समजात खऱ्याचा एक अंश आहे तोही सांगतो. उष्णतेने लिथियम-आयन बॅटरी लवकर म्हातारी होते आणि वेगाने चार्ज होताना फोन जास्त तापतो. मे महिन्यातल्या मुंबईत फोन उशीखाली ठेवून चार्ज करणं वाईटच. पण ते कमी वॉटच्या अडॅप्टरवरही वाईटच.

आता धोका खरोखर कुठे आहे तिकडे वळू, कारण लोक चुकीच्या गोष्टीला घाबरतात आणि घाबरायच्या गोष्टीवर पन्नास रुपये वाचवतात. अडॅप्टरच्या आत एका बाजूला २३० व्होल्टची घरातली वीज असते आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या हातातल्या फोनला जाणारे पाच व्होल्ट. या दोहोंच्या मध्ये चांगल्या अडॅप्टरात काही मिलिमीटरचं मोकळं अंतर आणि भक्कम इन्सुलेशन असतं. निकृष्ट मालात ते अंतर खाल्लेलं असतं, ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी नुसत्या पातळ पट्टीवर भागवलेली असते. ब्रिटनमधल्या ट्रेडिंग स्टँडर्ड्स संस्थेने २०१६ मध्ये वेगवेगळ्या देशांतून ऑनलाइन विकत घेतलेले ४०० बनावट ॲपल चार्जर यूएल या प्रयोगशाळेकडून तपासून घेतले. विजेच्या धक्क्यापासून वाचवण्याइतकं इन्सुलेशन त्यातल्या फक्त तीन चार्जरांत निघालं. चारशेतले तीन! वॉटचा आकडा बघून घाबरणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

दुसरा धोका खोटं बोलणाऱ्या केबलचा. एका बाजूला जुनी चौकोनी यूएसबी आणि दुसऱ्या बाजूला टाइप-सी असलेल्या केबलमध्ये एक ठरावीक रेझिस्टर लागतो. समोरचा पोर्ट किती करंट देऊ शकतो हे फोनला त्यावरून कळतं. तो चुकीचा बसवला, तर फोनला वाटतं तीन अँपिअर मिळतील आणि तो जुन्या पोर्टमधून झेपेल त्याहून जास्त ओढू लागतो. गुगलमधले अभियंता बेन्सन लुंग यांनी २०१५ मध्ये बाजारातल्या अशा केबली स्वतः विकत घेऊन तपासायला सुरुवात केली. फेब्रुवारी २०१६ मध्ये एका केबलने त्यांचा लॅपटॉपच निकामी केला. आतल्या तारा उलट जोडल्या होत्या. पुढच्याच महिन्यात ॲमेझॉनने नियमात न बसणाऱ्या टाइप-सी केबलींच्या विक्रीवर बंदी घातली. म्हणजे उपकरण मेलं ते खोट्या केबलने, जास्त वॉटच्या चार्जरने नव्हे.

हा मुख्य मुद्दा झाला. बाकीचे गैरसमज लहान आहेत, पण तेही पसरतातच.

"भारतातही टाइप-सीची सक्ती झाली." नाही, असं सरसकट म्हणता येत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने १७ ऑगस्ट २०२२ रोजी उद्योगांशी पहिली बैठक घेतली. १६ नोव्हेंबरच्या बैठकीत फोन, टॅबलेट, लॅपटॉपसाठी टाइप-सीवर एकमत झालं. घड्याळं, इअरफोन अशा अंगावरच्या लहान उपकरणांचा विचार वेगळ्या उपगटाकडे गेला. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने टाइप-सीचं मानक प्रसिद्ध केलं. पण मानक छापलं म्हणजे ते बंधनकारक झालं असं होत नाही, त्यासाठी सरकारचा वेगळा आदेश लागतो. २०२४ मध्ये "जून २०२५ पासून सक्ती" असं जे छापून आलं ती सूत्रांच्या हवाल्याची बातमी होती, राजपत्रातला आदेश नव्हे.

"जुने फोन बेकायदा होणार." साफ चूक. युरोपचा नियम २८ डिसेंबर २०२४ पासून नव्याने बाजारात येणाऱ्या फोन, टॅबलेट, कॅमेरे, हेडफोन, स्पीकर वगैरेंना लागू झाला. लॅपटॉपसाठी तारीख २८ एप्रिल २०२६ ठरली. तुमच्या खिशातल्या फोनशी त्याचा काहीही संबंध नाही.

"या कायद्यामुळेच बॉक्समधला चार्जर गेला." तारखा बघा. ॲपलने आयफोन १२ च्या खोक्यातून चार्जर काढला ऑक्टोबर २०२०मध्ये आणि युरोपियन संसदेने हा कायदा ६०२ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केला ऑक्टोबर २०२२मध्ये. कायद्याने ग्राहकाला उपकरण चार्जरशिवाय घेण्याची मुभा दिली आणि खोक्यावर तशी खूण छापणं बंधनकारक केलं. चार्जर गाळून किंमत मात्र तीच ठेवायची, हा निर्णय कंपन्यांचा. त्याचा राग कायद्यावर काढू नका.

"एकच पोर्ट सक्तीचा केला की नवं काही शोधलंच जाणार नाही." हा युक्तिवाद ॲपलने २०२० मध्ये जाहीरपणे केला होता, त्यामुळे त्याला उत्तर द्यायला हवं. २००९ मध्ये युरोपात सुमारे तीस प्रकारचे चार्जर होते. तेव्हा चौदा कंपन्यांनी स्वेच्छेने मायक्रो-यूएसबीचा करार केला. म्हणून काही जग मायक्रो-यूएसबीवर अडकलं नाही. २०१४ मध्ये टाइप-सी आलंच, आणि ते उद्योगानेच घडवलं, त्यात ॲपलही होती. २०२१ मध्ये त्याच पोर्टची क्षमता १०० वॉटवरून २४० वॉटवर गेली, पोर्टचा आकार न बदलता. शिवाय तंत्र पुढे गेलं तर नियम बदलण्याचा अधिकार कायद्यानेच युरोपियन आयोगाला दिला आहे. आयफोनचा लाइटनिंग पोर्ट मात्र २०१२ पासून २०२३ पर्यंत तसाच राहिला, तेव्हा त्यावर कोणाची सक्ती नव्हती.

"आता सगळ्या केबली सारख्याच." दिसायला, हो. आत नाही. साध्या टाइप-सी केबलची मजल तीन अँपिअर, म्हणजे ६० वॉटपर्यंत. त्याहून जास्त न्यायचं तर केबलच्या टोकात स्वतःची ओळख सांगणारी चिप लागते. डेटाचा वेग तर आणखी वेगळा. आयफोन १५ ला टाइप-सी मिळालं, पण साध्या १५ चा डेटा-वेग जुन्या यूएसबी २ चाच राहिला. तेव्हा लॅमिंग्टन रोडला केबल घ्यायला जाल तर ‘टाइप-सी द्या’ एवढं सांगून भागत नाही. किती वॉटची आणि डेटासाठी हवी का, हेही सांगा.

"ट्रिमर जुन्या चार्जरवर चालतो, नव्यावर नाही, म्हणजे नवा चार्जर खराब." ही तक्रार हल्ली वारंवार ऐकू येते. बहुतेक वेळा दोष ट्रिमरचा असतो, किंवा टॉर्चचा, किंवा हातातल्या छोट्या पंख्याचा. उत्पादकाने पोर्ट टाइप-सीचा बसवला, पण समोरच्याला खूण पटवणारे दोन रेझिस्टर वगळले. काही पैशांची बचत. जुना चौकोनी पोर्ट काही न विचारता पाच व्होल्ट सोडतो, म्हणून तिथे चालतं. नवा टाइप-सी अडॅप्टर खूण पटल्याशिवाय वीज सोडत नाही, तो आपलं काम चोख करतोय. अशी चूक नावाजलेल्यांकडूनही झाली आहे. २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकात या रेझिस्टरांची जोडणी चुकली होती आणि काही केबलींवर तो चालूच होत नव्हता.

"माझ्या कंपनीचं फास्ट चार्जिंग बंद पडेल." नाही. युरोपच्या नियमात कंपनीची स्वतःची पद्धत ठेवता येते. अट एवढीच की ठरावीक शक्तीच्या वर जाणाऱ्या उपकरणाला पॉवर डिलिव्हरीही चालली पाहिजे. दुसऱ्या कंपनीच्या अडॅप्टरवर फोन थोडा हळू भरेल, इतकंच.

आपल्याकडे सक्तीचा आदेश निघेल तेव्हा त्यात केबल आणि ट्रिमरसारख्या लहान उपकरणांचे रेझिस्टरही तपासले जावेत, नुसता पोर्टचा आकार नव्हे, अशी मागणी ग्राहकांनी आतापासून लावून धरली पाहिजे.

तोवर करण्यासारखं एक काम आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या चार्जिंग अडॅप्टरला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी बंधनकारक आहे. त्यावर मानक चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ हे सरकारी ॲप फोनवर घ्या आणि तो क्रमांक त्यात टाका. नोंदणी कोणाच्या नावावर, कोणत्या वस्तूसाठी आहे आणि ती चालू आहे का, ते कळतं. काउंटरवर उभं राहूनच तपासा. क्रमांक नसेल किंवा जुळत नसेल, तर अडॅप्टर पाच वॉटचा असला तरी परत करा. आणि जुळत असेल तर मुलाच्या लॅपटॉपचा पासष्ट वॉटवाला टाइप-सी चार्जर बिनधास्त फोनला लावा.