नेझबी ते रॉयल चार्ल्स

1655 मध्ये वुलिचच्या गोदीतून 80 तोफांचं एक जहाज पाण्यात उतरलं. नाव ‘नेझबी’. 1645 साली नेझबीच्या रणांगणावर इंग्लंडचा राजा पहिल्या चार्ल्सचा पराभव झाला होता, त्या विजयाची ही आठवण. नाळेवर घोड्यावर स्वार झालेला, संसदेच्या बाजूचा सेनानी क्रॉमवेल कोरला होता आणि घोड्याच्या टापांखाली सहा राष्ट्रांची माणसं. ही नोंद रोजनिशीकार जॉन एव्हलिनची. त्या सहांत डच माणूसही होता.

पाच वर्षांत काळ फिरला, राजेशाही परतली. मे 1660 मध्ये, पित्याच्या पराभवाचं नाव मिरवणाऱ्या याच जहाजावर दुसरा चार्ल्स हॉलंडच्या किनाऱ्यावरून चढला आणि डोव्हरला उतरला. नांगर उचलण्याआधीच ‘नेझबी’चं ‘रॉयल चार्ल्स’ झालं. रोजनिशीसाठी प्रसिद्ध असलेला सॅम्युअल पेप्स त्या प्रवासात जहाजावर होता. क्रॉमवेलची मूर्ती मात्र 1663 पर्यंत टिकली. ती काढून जाळली तेव्हा राजाचे 100 पौंड फुकट गेले, असं पेप्सला वाटलं. दरम्यान 1662 मध्ये पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन याच जहाजाने इंग्लंडला आली. तिच्या विवाहाच्या तहातच मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली होती.

1665 च्या, डचांविरुद्धच्या लोस्टॉफ्टच्या लढाईत राजाचा भाऊ ड्यूक ऑफ यॉर्क याच जहाजावर होता. पुढच्या वर्षीही ते डचांशी लढलं. पण जहाज गेलं ते लढाईत नव्हे. प्लेग आणि लंडनच्या आगीनंतर तिजोरी आटली होती, ब्रेडाला डचांशी तहाची बोलणी चालू होती, म्हणून मोठी जहाजं चॅटमला नांगरून ठेवली. खलाशांना पगाराऐवजी नंतर पैसे देण्याच्या चिठ्ठ्या मिळत. जून 1667 मध्ये डच सेनानी डी रॉयटरचं आरमार चॅटमजवळच्या मेडवे नदीत शिरलं, नदीवर आडवी ताणलेली साखळी तुटली. पेप्सने ऐकलं ते असं: एका होडीतून नऊ डच आले आणि ‘रॉयल चार्ल्स’वर त्यांना एकही माणूस भेटला नाही. उथळ पाण्यातून नेण्यासाठी त्यांनी जहाज एका कुशीवर कलवलं. डच जहाजांवर इंग्रज खलाशीही होते. आधी चिठ्ठ्यांसाठी लढलो, आता रोख डॉलरसाठी लढतो, असं ते ओरडत होते. ही हार मला आरमाराची वाटत नाही, खजिन्याची वाटते. तरी दोष आला तो चॅटमचा आयुक्त पीटर पेटवर, जहाज बांधणाऱ्या पेट घराण्यातल्याच माणसावर. त्याला लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत डांबलं.

डचांच्या उथळ किनाऱ्याला इतकं खोल पाणी लागणारं जहाज निरुपयोगीच होतं. हेलेव्हूटस्लाउसला ते लोकांना दाखवायला ठेवलं आणि 1673 मध्ये मोडीत विकलं. सिंह आणि युनिकॉर्न असलेलं मागच्या बाजूचं राजचिन्ह तेवढं जपलं. ते आज ॲम्स्टरडॅमच्या राइक्स म्युझियममध्ये आहे.