मिलिटरीची जुनी रायफल: अमेरिकेत स्वस्त छंद, आपल्याकडे थेट गुन्हा

'मिलिटरी डिस्पोजलचा माल' म्हटलं की मराठवाड्यात आजही लोकांचे कान टवकारतात. डिस्पोजलची जीप, बूट, ताडपत्री, पाण्याचा कॅन. सरकारने पैसे मोजून मजबूत वस्तू बनवून घेतली, वापरली, आता ती स्वस्तात निघाली, एवढा साधा हिशोब. मग यूट्यूबवर एखादा अमेरिकन माणूस दुसऱ्या महायुद्धातली रायफल घेऊन रविवारी निशाणेबाजी करताना दिसतो, आणि भरतीची तयारी करणाऱ्या पोराच्या डोक्यात प्रश्न येतो. इकडे मुदखेडला सीआरपीएफ, चाकूरला बीएसएफचं प्रशिक्षण केंद्र, प्रत्येक पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षं थ्री नॉट थ्री. मग त्या जुन्या रायफली जातात कुठे? जीपसारख्या लिलावात का मिळत नाहीत?

उत्तर एका शब्दात द्यायचं तर काडतूस. पण त्याआधी या रायफलींचं आकर्षण नेमकं कशात आहे ते पाहू.

स्वस्त काय असतं, बंदूक की गोळी?

सगळ्यात गाजलेलं उदाहरण रशियाच्या मोसिन-नागां रायफलीचं. १८९१ चं डिझाइन, कोट्यवधी नग बनले. सोव्हिएत संघ कोसळल्यावर गोदामांतल्या पेट्या बाहेर पडल्या आणि २००० च्या दशकात अमेरिकेत ही रायफल शंभर डॉलरच्या आत मिळायची. त्या काळात तिथे नवी शिकारी रायफल घ्यायची तर याच्या कितीतरी पट पैसे लागायचे.

पण शौकीन माणसाला खरं वेड लागलं ते गोळ्यांमुळे. बंदूक एकदाच घ्यायची असते, गोळी मात्र दर रविवारी जळते. मोसिनची काडतुसं ४४० नगांच्या सीलबंद पत्र्याच्या डब्यात यायची. डबा उघडायला मोठा कॅन-ओपनर, आत कागदात बांधलेली काडतुसं, भाव मातीमोल. निशाणेबाजी हा हजारो वेळा तीच कृती करून जमणारा खेळ आहे, त्यामुळे ज्याची गोळी स्वस्त त्याचा सराव जास्त.

दुसरी गोष्ट बांधणीची. या रायफली शेतकरी-कामगार पोरांच्या हातात, चिखलात आणि बर्फात चालाव्यात म्हणून बनवलेल्या. जाड नळी, लाकडी दस्ता, हाताने मागे-पुढे करायचा बोल्ट. सुटे भाग मोजके, बिघडण्यासारखं फार काही नाही. बोल्ट बाहेर काढून साफ करायला शिकायला अर्धा तास पुरतो. मात्र नेमाच्या बाबतीत फार अपेक्षा ठेवू नका. शंभर मीटरवर माणसाच्या आकाराच्या लक्ष्यासाठी केलेली रायफल ऑलिंपिकच्या दहाच्या वर्तुळासाठी नसते. धक्का असा बसतो की वीस गोळ्यांनंतर खांदा बोलायला लागतो.

स्वस्त गोळीतलं मीठ

या स्वस्ताईत एक गोम आहे, आणि तांत्रिकदृष्ट्या मला तीच सगळ्यात रंजक वाटते.

काडतुसाच्या बुडाला एक छोटी टोपी असते, प्रायमर. फायरिंग पिन त्यावर आपटली की ठिणगी पडते आणि आतली दारू पेटते. जुन्या लष्करी प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. त्याचा फायदा असा की काडतूस कित्येक दशकं गोदामात पडून राहिलं तरी हमखास उडतं. पण ते जळल्यावर मागे उरतं पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाचा सख्खा भाऊ. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत जे होतं तेच नळीत होतं: मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पोलाद गंजायला लागतं. दमट हवेत एका रात्रीतही नळीत तांबूस थर दिसतो.

नवखा माणूस इथे तेल मारतो आणि फसतो. मीठ तेलात विरघळत नाही. तेलाखाली ते आपलं काम चालूच ठेवतं. उपाय आपल्या आजीला विचारला तरी सांगेल: गरम पाणी. आधी नळीतून गरम पाणी ओतायचं, मग कोरडी करायची, मग तेल. महायुद्धातले सैनिक हेच करत.

बंगालची रायफल, पुण्याची काडतुसं

या बाजारात भारतीय मालही आहे. आपल्या पोलिसांच्या हातात दिसणारी थ्री नॉट थ्री म्हणजे ली-एनफिल्ड. मूळ ब्रिटिश, पण बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षं बनली. १९६२ च्या चीन युद्धानंतर ईशापूरने त्याच साच्यातली, पण अधिक चांगल्या पोलादाची आणि ७.६२ मिमी काडतुसाची रायफल काढली, नाव २ए१. बारा गोळ्यांचं मॅगझिन, दोन गोळ्यांमध्ये झटकन फिरणारा बोल्ट. पुढे या रायफली परदेशी सरप्लस बाजारात गेल्या आणि अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांच्या आवडत्या झाल्या.

पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली .३०३ काडतुसंही बाहेर पोहोचली. बुडावर 'के एफ' ही अक्षरं. परदेशी नेमबाजांत या खुणेची ख्याती, खरं सांगायचं तर, फार चांगली नाही. वर सांगितलेलं मिठाचं दुखणं आणि गोळीगणिक बदलणारा जोर, अशा दोन्ही तक्रारी असतात.

तेव्हा ईशापूरची रायफल टेक्सासचा माणूस हौसेने उडवतो, आणि तीच लातूरच्या माणसाच्या घरात सापडली तर तो तुरुंगात जातो.

कायदा बंदुकीकडे नाही, काडतुसाकडे बघतो

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम लागू आहेत. .३०३ किंवा ७.६२ मिमीचं लष्करी काडतूस ज्या रायफलीत बसतं, ती 'प्रोहिबिटेड बोअर' ठरते. रायफल किती जुनी आहे, बोल्ट हाताने ओढावा लागतो का, याला इथे महत्त्व नाही. जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळणारं साधं लायसन्स अशा रायफलीला चालत नाही.

यामागचा विचार इंग्रजांच्या काळापासूनचा. लोकांकडच्या बंदुकीत सरकारी काडतूस बसत असेल, तर शस्त्रागारातून चोरलेल्या पेटीला गिऱ्हाईक तयार असतं. बसतच नसेल तर चोरीला किंमत उरत नाही. म्हणून भारतासाठी .३१५ बोअरची रायफल आली: यंत्रणा तीच ली-एनफिल्डची, पण काडतूस ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिमी मानलिखर जातीचं. ईशापूरने पुढे तीच बनवली. आजही लायसन्सवर कुणाच्या घरी 'थ्री वन फाइव्ह' दिसली तर ती या हिशोबातून आलेली आहे. शेताच्या राखणीला ठीक. पण काडतुसं मर्यादित आणि महाग, त्यामुळे सरावाच्या कामाची नाही.

आता पोलीसच थ्री नॉट थ्री सोडत चालले आहेत. २६/११ ला सीएसटीवर ही रायफल एके-४७ समोर किती तोकडी पडते ते सगळ्यांनी पाहिलं. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताक दिनी तिला संचलनातून निरोप दिला. मग बंदी कशाला, असं वाटू शकतं. मला ती पूर्ण जुनाट वाटत नाही. गडचिरोलीत नक्षलवाद्यांकडून पोलिसांच्या लुटलेल्या .३०३ जप्त होत आल्या आहेत. गोळी जुनी झाली म्हणून कमी जीवघेणी होत नाही.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट: 'आर्मी सरप्लस .३०३, घरपोच' असा मेसेज आला तर तो एक तर फसवणूक आहे किंवा गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रतिबंधित शस्त्र बाळगल्यास कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त १४ वर्षं शिक्षा आहे. भरतीचं स्वप्न तर पहिल्याच दिवशी संपतं.

मग स्वस्तात नेमबाजी कुठे?

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य जिंकलं, तेव्हा त्याच्या काडतुसांसाठी घरच्यांनी कर्ज काढल्याच्या बातम्या आल्या होत्या. म्हणजे गोळीचा खर्च इथेही तोच प्रश्न आहे. फरक इतकाच की आपल्याकडे तो सोडवायला ४४० नगांचा डबा नाही.

त्याची जागा आपल्याकडे छर्ऱ्याने घेतली आहे. .१७७ म्हणजे ४.५ मिमी बोअरच्या, २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअर रायफलीला लायसन्स लागत नाही, ओळखपत्र लागतं. देशी बनावटीची शिकाऊ रायफल काही हजारांत येते, स्पर्धेची आयात केलेली मात्र लाखाच्या पुढे जाते. छर्रा काही रुपयांतला आणि अंतर फक्त १० मीटर, त्यामुळे लांब गच्ची किंवा गोडाऊनही पुरतं, फक्त मागे भक्कम भिंत आणि छर्रे अडवणारी पेटी हवी. पारवे-मोरांवर नेम धरायचा नाही, तो वन्यजीव कायद्याचा वेगळा गुन्हा आहे.

आणि हातात खरी मिलिटरी रायफलच घ्यायची असेल, तर कॉलेजच्या एनसीसीत नाव नोंदवा. कॅडेटच्या हाती येणारी .२२ ची 'नंबर टू मार्क फोर' म्हणजे दुसरी कुणी नसून तीच ली-एनफिल्ड आहे, नळी बदलून छोट्या काडतुसाची केलेली. झोपून, २५ मीटरवरून, एका वेळी एक गोळी भरत. पैसे लागत नाहीत. फायरिंग संपलं की रिकाम्या पुंगळ्या तेवढ्या मोजून परत द्याव्या लागतात.